‘पुट ऑफ’चा अर्थ आणि वापर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत ‘पुट ऑफ’समोर बहुतेक वेळा एकच शब्द छापलेला असतो : ‘पोस्टपोन’. मुलं तेवढं पाठ करतात आणि पेपरात गुणही मिळवतात. पुढे नोकरीत कोणीतरी म्हणतं, ‘द स्मेल पुट मी ऑफ’. पाठ केलेला अर्थ लावून बघितला तर वासाने माणसाला पुढे ढकललं, असं काहीतरी हाती लागतं. इंग्रजी शिकवताना मला या एका क्रियापदाबद्दल सतत प्रश्न येतात, आणि बहुतेकांचं मूळ त्या एका छापील अर्थात असतं. म्हणून ते सगळे इथे एकत्र घेतले आहेत. इंग्रजी वाक्यंही देवनागरीतच दिली आहेत, मोठ्याने वाचा.

‘पुट ऑफ’चे नेमके अर्थ किती?

शब्दकोश उघडलात तर पाच-सहा दिसतील. पण मी मुलांना आकडा सांगत नाही, कर्म बघायला सांगते. कोणाला किंवा कशाला ‘पुट ऑफ’ केलं जातंय? बैठक, परीक्षा, लग्न, दाताचं दुखणं दाखवायला जाणं, असं एखादं काम असेल तर अर्थ पुढे ढकलणं. कर्म माणूस असेल तर अर्थ बदलतो : त्या माणसाचं मन उडणं, त्याचं लक्ष विचलित होणं किंवा त्याला काहीतरी सांगून टोलवणं. दिवा, पंखा, हीटर असं काही असेल तर बंद करणं. नव्वद टक्के वाक्यं एवढ्यावर सुटतात.

पुढे ढकलणं या अर्थाने वाक्यात कसं वापरायचं?

आपल्याकडचंच उदाहरण घेऊ. एमपीएससीची राज्यसेवा पूर्वपरीक्षा १४ मार्च २०२१ला व्हायची होती. आधीच ती लांबत आली होती. ११ मार्चला पुन्हा पुढे ढकलल्याचं जाहीर झालं आणि पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली. शेवटी परीक्षा २१ मार्चला झाली. इंग्रजीत हे असं सांगता येईल : ‘द एक्झाम वॉज पुट ऑफ बाय अ वीक.’ किंवा ‘दे पुट ऑफ द एक्झाम अंटिल द ट्वेंटी-फर्स्ट.’

या दोन वाक्यांत एक बारकावा आहे. किती काळाने पुढे गेलं ते सांगायचं असेल तर ‘बाय’ : बाय अ वीक, बाय टू डेज. कोणत्या तारखेपर्यंत गेलं ते सांगायचं असेल तर ‘अंटिल’ किंवा ‘टिल’. ‘टु’सुद्धा चालतं, विशेषतः जुनी आणि नवी अशा दोन्ही तारखा सांगताना : ‘फ्रॉम द फोर्टीन्थ टु द ट्वेंटी-फर्स्ट’. ‘बाय’च्या जागी चुकून ‘अंटिल’ घातलं तर ऐकणारा तारखेची वाट बघत बसतो.

‘पुट ऑफ’ आणि ‘कॉल ऑफ’ एकच ना?

नाही. ही गल्लत ऑफिसात महागात पडते, म्हणून इथे जरा थांबते. ‘पुट ऑफ’ केलेली गोष्ट नंतर होणार असते. ‘कॉल ऑफ’ केलेली गोष्ट रद्द झालेली असते.

२०२० सालात दोन्हींची उदाहरणं शेजारी-शेजारी सापडतात. टोकियो ऑलिंपिक २४ जुलै २०२०ला सुरू व्हायचं होतं. कोविडमुळे ते २३ जुलै २०२१ला सुरू झालं, तरी नाव ‘टोकियो २०२०’च राहिलं. म्हणून ‘द ऑलिंपिक्स वेअर पुट ऑफ’. त्याच वर्षीची विंबल्डन स्पर्धा मात्र रद्दच झाली, दुसऱ्या महायुद्धानंतर पहिल्यांदाच. म्हणून ‘विंबल्डन वॉज कॉल्ड ऑफ’. दोन क्रियापदांची अदलाबदल केली की इतिहासच बदलतो.

आता थोडं नाजूक उदाहरण. चांद्रयान-२ १५ जुलै २०१९च्या पहाटे श्रीहरिकोट्याहून निघायचं होतं. उड्डाणाला ५६ मिनिटं उरली असताना तांत्रिक बिघाड लक्षात आला आणि उलटी मोजणी थांबवली गेली. इस्रोने तेव्हा जे जाहीर केलं त्यात ‘कॉल्ड ऑफ फॉर टुडे’ असे शब्द होते. यान २२ जुलैला गेलं. मग ते ‘कॉल ऑफ’ कसं? शब्द अगदी बरोबर होता. त्या पहाटेचा प्रयत्न रद्द झाला होता आणि ‘फॉर टुडे’ने तेवढंच सांगितलं होतं. आज मागे वळून मोहिमेबद्दल बोलताना मात्र आपण म्हणू, ‘द लाँच वॉज पुट ऑफ बाय अ वीक.’ काय रद्द झालं आणि काय पुढे गेलं, हे आधी स्वतःशी स्पष्ट केलं की क्रियापद आपोआप निवडलं जातं.

गाडी उशिरा येत असेल तर ‘द ट्रेन इज पुट ऑफ’ म्हणू का?

नको. ‘पुट ऑफ’मध्ये कोणीतरी ठरवून पुढे ढकललेलं असतं. गाडी रखडते, तिथे ‘डिलेड’ हवं. पावसामुळे सामना अर्धा तास उशिरा सुरू झाला तर ‘डिलेड’. आयोजकांनी तो दुसऱ्या दिवशी घ्यायचं ठरवलं तर ‘पुट ऑफ’.

याच ठरवण्यामुळे ‘पुट ऑफ’ चालढकलीसाठी इतकं चपखल बसतं. ‘आय कीप पुटिंग इट ऑफ’ म्हणजे करायचं आहे हे माहीत आहे, कोणी अडवलेलं नाही, तरी मीच उद्यावर टाकतोय. ‘आजचं काम उद्यावर टाकू नये’ या अर्थाच्या इंग्रजी म्हणीतही हेच क्रियापद आहे : ‘नेव्हर पुट ऑफ टिल टुमॉरो व्हॉट यू कॅन डू टुडे.’

‘पुट ऑफ इट’ का चुकीचं?

‘पुट ऑफ’ तुटणारं क्रियापद आहे. कर्म नाम असेल तर ते मध्ये टाका किंवा शेवटी, दोन्ही चालतं : ‘पुट द मीटिंग ऑफ’, ‘पुट ऑफ द मीटिंग’. कर्म सर्वनाम असेल तर जागा एकच, मध्ये : ‘पुट इट ऑफ’, ‘पुट देम ऑफ’, ‘पुट मी ऑफ’. यात अपवाद नाही.

कर्म लांबलचक असेल तर ते शेवटीच बरं. ‘दे पुट द मीटिंग अबाउट द न्यू वॉटर टँक ऑफ’ हे व्याकरणात बसतं, पण ‘ऑफ’पर्यंत पोचेस्तोवर ऐकणाऱ्याच्या हातून ‘पुट’ निसटतं.

‘आय पुट ऑफ टु गो’ की ‘आय पुट ऑफ गोइंग’?

‘गोइंग’. या क्रियापदानंतर दुसरं क्रियापद आलं तर ते ‘-इंग’ लावूनच येतं. इथे मराठी आपल्या मदतीला येते. आपण ‘जाणं लांबणीवर टाकलं’ म्हणतो, ‘जायला लांबणीवर टाकलं’ म्हणत नाही. ‘जाणं’ हे तिथे नामासारखं वागतं, ‘गोइंग’ही तसंच. मराठी वाक्यात ‘-णं’ येत असेल तर ‘-इंग’ लावा : ‘शी पुट ऑफ गोइंग टु द डेंटिस्ट’, ‘वी पुट ऑफ बायिंग अ कार’.

भूतकाळात काय होतं?

काहीच होत नाही. पुट, पुट, पुट, तिन्ही रूपं सारखी. ‘ही पुट ऑफ द ट्रिप’ यात ‘ही’ असूनही ‘एस’ नाही, म्हणजे वाक्य भूतकाळातलं. ‘ही पुट्स ऑफ’ असेल तर वर्तमान. ‘पुटेड’ असा शब्द इंग्रजीत नाही. लिहिताना दोन गोष्टी सांभाळा : ‘पुटिंग’मध्ये ‘टी’ दोनदा येतो, आणि ‘ऑफ’मध्ये ‘एफ’ दोन. एकच ‘एफ’ लिहिला की तो संबंध दाखवणारा वेगळा शब्द होतो. स्पेलिंग तपासणारं सॉफ्टवेअर तो नेहमी पकडतंच असं नाही, कारण तोही खरा शब्द आहे.

माणूस कर्म असेल तेव्हा अर्थ कसा ओळखायचा?

खरा गोंधळ इथेच होतो. तीन छटा आहेत आणि तिघींची ओळख वेगवेगळी ठेवायला हवी.

पहिली, मन उडणं. पहिल्यांदा कोकणात आलेला पाहुणा सुक्या बोंबलाच्या वासाने ताटावरून मागे सरतो : ‘द स्मेल पुट हिम ऑफ.’ कशावरून मन उडालं ते सांगायचं तर ते थेट पुढे ठेवायचं, मध्ये ‘फ्रॉम’ घालायचं नाही : ‘इट पुट हिम ऑफ फिश’, म्हणजे त्याला मासेच नकोसे झाले. ‘द ॲक्सिडेंट पुट हर ऑफ ड्रायव्हिंग’ म्हणजे अपघातानंतर तिने गाडी चालवण्याचा धसकाच घेतला. मराठीत संदर्भाप्रमाणे आपण मन उडालं, वीट आला, धसका घेतला, उत्साह मावळला, नकोसं झालं असं वेगवेगळं म्हणतो. इंग्रजी या सगळ्यांसाठी एकच क्रियापद वापरते. त्यामुळे अर्थ करताना आपल्याला आपला शब्द निवडावा लागतो.

दुसरी छटा लक्ष विचलित होण्याची. फलंदाज चेंडूची वाट बघतोय आणि यष्टिरक्षक मागून सारखी बडबड करतोय. ‘ही इज ट्राइंग टु पुट द बॅटर ऑफ.’ यष्टिरक्षकाला फलंदाजाचं मन क्रिकेटवरून उडवायचं नाही, त्याची एकाग्रता मोडायची आहे. ‘डोन्ट स्टेअर, यू आर पुटिंग मी ऑफ’ म्हणजे असं टक लावून बघू नकोस, माझं चित्त ढळतंय. ही छटा ब्रिटिश इंग्रजीत जास्त ऐकू येते. समोर चालू असलेली कृती असेल, म्हणजे खेळ, गाणं, परीक्षा, वाहन चालवणं, तर बहुधा हाच अर्थ.

तिसरी, टोलवणं. पैसे मागायला गेलात, माणूस म्हणाला पुढच्या आठवड्यात या. पुढच्या आठवड्यात म्हणाला साहेब नाहीत. ‘ही कीप्स पुटिंग मी ऑफ.’ इथे ‘कीप्स’ किंवा ‘ऑल्वेज’ यांसारखा वारंवारता दाखवणारा शब्द बरेचदा सोबत असतो. काय सांगून टोलवलं ते ‘विथ’ने जोडतात : ‘ही पुट मी ऑफ विथ एक्स्क्यूझेस.’

‘ही पुट्स मी ऑफ’ आणि ‘ही कीप्स पुटिंग मी ऑफ’ ही वाक्यं शेजारी ठेवून बघा. पहिल्यात मला तो माणूसच नकोसा वाटतो. दुसऱ्यात तो मला झुलवतोय. वसुलीच्या ई-मेलमध्ये पहिलं वाक्य गेलं तर भांडण होईल.

परदेशात नर्स म्हणून जायचंय. रुग्णांच्या तोंडी हे क्रियापद येतं का?

येतं, आणि ते नीट कळायला हवं. ब्रिटनमधला रुग्ण म्हणतो, ‘आय हॅव बीन पुटिंग इट ऑफ फॉर मंथ्स.’ यात दोन माहित्या आहेत. त्रास काही महिन्यांपासून आहे, आणि त्याने दाखवायला येणं स्वतःहून टाळलं. दुसरी महत्त्वाची, कारण टाळण्यामागे भीती, लाज, पैसा किंवा वेळ असं काहीतरी असतं आणि पुढचा प्रश्न त्याबद्दलच विचारायचा असतो. तो दटावणीच्या सुरात न विचारता असा विचारा : ‘व्हॉट मेड यू पुट इट ऑफ?’

दुसरं वाक्य : ‘द टॅबलेट्स हॅव पुट मी ऑफ माय फूड.’ गोळ्यांनी जेवणावरची वासना गेली. ही भूक मंदावल्याची तक्रार आहे, नोंद तशीच व्हायला हवी. ‘फूड’च्या आधी ‘ऑफ’ दिसला म्हणून जेवणाची वेळ पुढे ढकलली असं समजू नका. कर्म ‘मी’ आहे, माणूस आहे, हे आधी बघा.

‘आय वॉज पुट ऑफ’ म्हणजे मला पुढे ढकललं?

म्हणजे मला ते खटकलं, मी मागे सरलो. ग्राहकाने लिहिलं, ‘आय वॉज अ लिटल पुट ऑफ बाय द टोन ऑफ युअर मेल’, तर त्यातल्या ‘अ लिटल’वर विसंबू नका. सौम्य शब्दांत केलेली ही चांगलीच नाराजी आहे. त्याच दिवशी उत्तर द्या.

याच छटेचं विशेषण उलट्या क्रमाने बनतं : ‘ऑफ-पुटिंग’. ‘ॲन ऑफ-पुटिंग स्मेल’, ‘हिज मॅनर वॉज ऑफ-पुटिंग’. पुढे ढकलण्याच्या अर्थाने हे विशेषण कधीच येत नाही. धीर देताना मात्र क्रियापदाची गाडी सरळ असते : ‘डोन्ट बी पुट ऑफ बाय द प्राइस’, म्हणजे किमतीकडे बघून मागे सरू नका.

‘पुट ऑफ द लाइट’ म्हणणं चूक आहे का?

आपल्याकडे घरोघरी असंच म्हणतात आणि सगळ्यांना कळतं. काही ब्रिटिश शब्दकोशांत हा अर्थ नोंदलेलाही आहे. त्यामुळे कोणी म्हटलं तर मी टोकत नाही. मुलाखतीत, लेखी परीक्षेत किंवा परदेशात मात्र ‘टर्न ऑफ’ किंवा ‘स्विच ऑफ’ वापरा. अमेरिकन कानाला ‘पुट ऑफ द फॅन’ अडखळवतं. मेणबत्ती किंवा आग असेल तर ‘पुट आउट’.

‘पुट ऑन’ म्हणजे घालणं, मग बूट काढणं ‘पुट ऑफ’ ना?

तर्क सरळ आहे, पण आजचं इंग्रजी तसं बोलत नाही. कपडे, बूट, चष्मा काढायला ‘टेक ऑफ’. एके काळी मात्र ‘पुट ऑफ’ चालत असे. १६११च्या किंग जेम्स बायबलमध्ये जळत्या झुडपापाशी मोशेला जोडे काढायला सांगितलं आहे, तिथे हेच क्रियापद आहे. गेली चारशे वर्षं त्या वचनात तो अर्थ टिकला, रोजच्या बोलण्यातून गेला. पाहुण्यांना दारात ‘पुट ऑफ युअर शूज’ म्हणू नका, ‘टेक ऑफ’ म्हणा.

सरकारी पत्रात किंवा अर्जात ‘पुट ऑफ’ लिहावं का?

शक्यतो नको. बोलण्यात, सहकाऱ्याला मेसेज करताना, बातमीच्या मथळ्यात ते छान बसतं. औपचारिक पत्रात ‘पोस्टपोन’ लिहा. त्याचीही घडण तशीच आहे : लॅटिनमध्ये ‘पोस्ट’ म्हणजे नंतर, ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणं. पैशांचा हप्ता, प्रवेश किंवा निर्णय पुढे नेला असेल तर ‘डिफर’. सुरू झालेली सभा किंवा सुनावणी तहकूब केली तर ‘ॲडजर्न’. आपण ‘तहकूब’ आणि ‘पुढे ढकललं’ यांत फरक करतो, तोच इथे.

उलट दिशेचं क्रियापद हवं असेल तर ‘प्रीपोन’ आपल्याकडे सर्रास चालतं आणि ऑक्सफर्डच्या शब्दकोशांनी त्याला भारतीय इंग्रजी म्हणून जागाही दिली आहे. मला तो शब्द आवडतो, त्याची गरज होती म्हणून तो रुळला. परदेशी माणसाशी बोलताना मात्र ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणा, त्याला लगेच कळेल. ब्रिटनमध्ये पुढे ढकलण्याला ‘पुट बॅक’, अमेरिकेत ‘पुश बॅक’ असंही म्हणतात. ‘बॅक’ ऐकून तारीख अलीकडे आली असं समजू नका, ती पलीकडे गेलेली असते.

परीक्षेत ‘पुट’च्या बाकी जोड्यांशी गोंधळ होतो. काय करू?

यादी पाठ करू नका. प्रत्येकाला स्वतःच्या घरातलं एक वाक्य द्या. शेजारच्या लाउडस्पीकरचा आवाज सहन करणं : ‘पुट अप विथ’. चारचौघांत कोणाचा पाणउतारा करणं : ‘पुट डाउन’. धुतलेली भांडी जागच्या जागी ठेवणं : ‘पुट अवे’. वाक्य आपलं असलं की परीक्षेत पर्याय बघताना ते आठवतं. ‘पुल ऑफ’ दिसायला जवळचं आहे, पण त्याचा अर्थ अवघड काम फत्ते करणं असा आहे. पर्यायांत ते हमखास ठेवलेलं असतं.

उच्चार कसा करायचा?

‘पुट’मधला उकार ऱ्हस्व ठेवा आणि दोन शब्द जोडून म्हणा, ‘पुटॉफ’. ‘पुट इट ऑफ’ म्हणताना जोर ‘ऑफ’वर द्या. जोर ‘पुट’वर दिलात तर कुठेतरी काहीतरी ठेवल्यासारखं ऐकू येतं.

‘आय डोन्ट वॉन्ट टु पुट यू ऑफ, बट…’ असं कोणी म्हटलं तर काय समजायचं?

तुम्हाला नाउमेद करायचं नाही, पण एक अडचण सांगतो, असं तो म्हणतोय. घर भाड्याने घेताना, अभ्यासक्रम निवडताना, नोकरी बदलताना हे वाक्य हमखास कानावर पडतं. ‘बट’नंतर येणारी गोष्ट खरी असते आणि बोलणारा ती भिडेखातर मऊ करून सांगत असतो, म्हणून ती पूर्ण ऐकून घ्या. आभार मानून आणखी माहिती विचारायची असेल तर म्हणा : ‘थँक्स फॉर टेलिंग मी. इट हॅझन्ट पुट मी ऑफ, बट आय वुड लाइक टु नो मोअर.’